ट्रायपॉड प्लेट बसवण्याचा नेमका क्रम: कोकण किनाऱ्यावर फोटो काढणाऱ्यांसाठी

हर्णैच्या जेटीवर किंवा मालवणात रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढली जात असताना एखाद्याचा कॅमेरा ट्रायपॉडवरून निसटला, की दोष वाऱ्याला जातो. वारा असतोच. पण निसटलेल्या कॅमेऱ्याखालची प्लेट हातात घेऊन बघा. एकतर तिचा स्क्रू अर्धा फेरा सैल झालेला असतो, नाहीतर तिला धरणाऱ्या क्लॅम्पच्या, म्हणजे ट्रायपॉडच्या माथ्यावरच्या जबड्याच्या, खाचेत चिरडलेली वाळू सापडते.

कॅमेरा आणि ट्रायपॉड यांच्यात दोन सांधे असतात. पहिला स्क्रूचा, म्हणजे प्लेट कॅमेऱ्याच्या तळाला जिथे जोडतो तो. दुसरा खाचेचा, म्हणजे तीच प्लेट क्लॅम्पमध्ये धरली जाते तो. पहिला सांधा एकदा मन लावून करायचा आणि मग सहसा त्याला हात लावायचा नाही. दुसरा दिवसभर उघडबंद होणार, म्हणून तो दर वेळी तपासायचा. लोक नेमकं उलटं करतात. प्लेट दर वेळी कॅमेऱ्यावरून काढतात, घाईत बोटानेच परत पिळतात, आणि क्लॅम्पवर मात्र डोळे झाकून विश्वास टाकतात. पुढचा सगळा क्रम ही सवय मोडण्यासाठी आहे.

## १. घरी: आधी मोजा, मग खरेदी करा

सगळ्यात आधी तुमच्या ट्रायपॉडचा क्लॅम्प कोणत्या जातीचा आहे ते पाहा. आज बहुतेक सुटे भाग आर्का-स्विस धाटणीचे मिळतात. या प्लेटच्या दोन्ही लांब कडा ४५ अंशांत तिरक्या कापलेल्या असतात आणि रुंदी साधारण ३८ मिमी असते. मॅनफ्रोटो कंपनीची आरसी२ ही वेगळी जात आहे. तिची नेहमीची प्लेट आर्काच्या क्लॅम्पमध्ये बसत नाही आणि आर्काची तिच्यात बसत नाही. दोन्हींत चालणारी २००पीएल-प्रो नावाची प्लेट मॅनफ्रोटोच बनवते. तरी घरात दोन जातींचे क्लॅम्प असतील तर माझं मत स्पष्ट आहे: एक जात ठेवा, दुसरी विकून टाका. पहाटेच्या अंधारात भलती प्लेट भलत्या क्लॅम्पमध्ये अर्धवट अडकते आणि बसल्यासारखी वाटते. हाच धोका टाळायचा आहे.

दुसरी गोष्ट, ‘आर्का’ असं लिहिलेल्या सगळ्या प्लेट सारख्या नसतात. वेगवेगळ्या कारखान्यांच्या प्लेटच्या रुंदीत आणि कडेच्या जाडीत मिलिमीटरच्या काही दशांशांचा फरक येतो. पिळायच्या नॉबच्या क्लॅम्पला याचं काही वाटत नाही, कारण त्याचा जबडा प्लेटला भिडेपर्यंत येतो. लिव्हरचा क्लॅम्प मात्र ठरावीक मापालाच बंद होतो. प्लेट थोडी अरुंद असेल तर लिव्हर पूर्ण बंद होऊनही ती आत सरकते. थोडी रुंद असेल तर लिव्हर शेवटपर्यंत जातच नाही. तुमच्याकडे तीन कंपन्यांच्या प्लेट असतील तर नॉबवालाच क्लॅम्प घ्या. लिव्हर झटपट असतो हे खरं, पण किनाऱ्यावर त्याच्या सांध्यात वाळू शिरली की तो झटपटपणाही संपतो.

तपासणी: कॅमेरा न लावता नुसती प्लेट क्लॅम्पमध्ये धरा, बंद करा, आणि दोन बोटांनी लांबीच्या दिशेने ढकला. केसभरही सरकली तर ती जोडी बाद.

आता स्क्रू. कॅमेऱ्याच्या तळाला असतो तो पाव इंची, म्हणजे हार्डवेअरवाल्यांच्या भाषेत दोन सुती, इंचाला २० आटे. ट्रायपॉडच्या डोक्याखाली आणि काही जड लेन्सच्या पायाला (ट्रायपॉडला जोडायच्या लेन्सखालच्या भागाला) असतो तो तीन सुती, म्हणजे ३/८ इंची, इंचाला १६ आटे. तीन सुती भोकात दोन सुती स्क्रू लावायला पितळी किंवा स्टीलची बारीक बुश मिळते. ती दोनचार घेऊन ठेवा.

सावधान: स्क्रू हरवला म्हणून गावातल्या दुकानातून ‘सहाचा बोल्ट’ आणू नका. सहाच्या बोल्टचा व्यास ६ मिमी आणि आट्यांमधलं अंतर १ मिमी. कॅमेऱ्याच्या स्क्रूचा व्यास ६.३५ मिमी आणि अंतर १.२७ मिमी. सहाचा बोल्ट सुरुवातीला गोडीत आत जातो, मग अडतो. तिथे जोर केलात की कॅमेऱ्याचे आटे जातात, आणि ते काम बॉडी उघडण्यापर्यंत पोचू शकतं.

लांबीही बघा. प्लेटच्या वरच्या पृष्ठभागातून स्क्रू किती बाहेर येतो ते मोजा. सोनीच्या कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत ट्रायपॉडचा स्क्रू ५.५ मिमीपेक्षा कमी लांब असावा असं लिहिलेलं असतं, आणि इतर कंपन्यांच्या कॅमेऱ्यांसाठीही हा आकडा धरून चाललात तर बिघडत नाही. जास्त लांब स्क्रू भोकाच्या तळाला टेकतो. हाताला घट्ट लागतो, प्लेट मात्र सैलच राहते.

## २. कोणते भाग घ्यायचे, कोणते नाही

सुट्या भागांची ही सगळी पद्धत मोहात पाडणारी आहे. तळाची प्लेट, तिला जोडायचा उभा हात, लेन्सच्या पायाची लांब पट्टी, पॅनोरमाची (अनेक फोटो जोडून रुंद चित्र करायची) सरकती पट्टी, छोटे क्लॅम्प, मोबाइल धरायचा चिमटा. सगळं सगळ्याला जोडता येतं, आणि घोळ तिथेच होतो. प्रत्येक जोड थोडा लवचिक असतो. चार तुकडे एकावर एक चढवले की लांब एक्स्पोजरमध्ये (शटर बराच वेळ उघडं असताना) चित्र थरथरतं आणि मग ट्रायपॉड बदलायचे विचार सुरू होतात.

माझा क्रम असा. आधी तुमच्याच कॅमेऱ्याच्या मापाची प्लेट, शक्य असेल तर एल आकाराची, म्हणजे बाजूला उभा हात असलेली. मग जड लेन्स असेल तर तिच्या पायाची प्लेट. बाकीचं गरज पडेल तेव्हा.

सगळ्या कॅमेऱ्यांना चालते अशी रबरी गादीची सपाट प्लेट स्वस्त असते, पण तिच्यात वळण अडवणारी कड नसते. मापाच्या प्लेटला मागे किंवा पुढे एक बारीक ओठ असतो. तो कॅमेऱ्याच्या अंगाला टेकतो आणि कॅमेरा स्क्रूभोवती फिरू देत नाही. रबरी गादीला कोकणात आणखी एक अडचण येते. मे महिन्याच्या उन्हात काळी प्लेट तापते, रबर मऊ पडतं, दबतं, आणि सकाळी घट्ट असलेला स्क्रू दुपारी सैल लागतो.

मापाची प्लेट घेताना बॅटरीचं झाकण पूर्ण उघडतं का, आणि एल असेल तर डाव्या बाजूच्या केबलच्या जागा मोकळ्या राहतात का, हे दुकानातच कॅमेरा लावून बघा. झाकण अडलं तर तुम्ही दर बॅटरीला प्लेट काढणार, आणि पहिला सांधा कायमचा कच्चा राहणार.

स्क्रू कशाचा आहे तेही बघा. चुंबक जोरात चिकटला तर तो बहुधा गंजणाऱ्या पोलादाचा. ३०४ किंवा ३१६ प्रतीच्या स्टेनलेसला चुंबक चिकटत नाही किंवा अगदी हलका चिकटतो. खाऱ्या हवेत ३१६ अधिक टिकतं.

एक स्थानिक गोष्ट. चुंबकावर बसणारे मोबाइलचे चिमटे आणि चुंबकी प्लेट रत्नागिरीच्या मांडवी-भाट्ये पट्ट्यात नेऊच नका. तिथल्या काळ्या वाळूत इल्मेनाइटसारखी लोहयुक्त खनिजं आहेत. चुंबक खाली ठेवला की काळी दाढी घेऊनच वर येतो, आणि ते कण पुसून जात नाहीत.

## ३. स्क्रूचा सांधा: घाई नको

हे काम टेबलावर, उजेडात, निघण्याच्या आदल्या दिवशी करायचं. किनाऱ्यावर नाही, गाडीत तर नाहीच.

१) कॅमेऱ्याचा तळ आणि प्लेटचा वरचा भाग कोरड्या कापडाने पुसा. स्क्रूच्या भोकात फुंकर मारू नका, तोंडातला दमटपणा आत जातो. हवेचा रबरी फुगा वापरा.

२) कॅमेरा मऊ कापडावर उलटा ठेवा. प्लेटवरचा बाण किंवा लेन्सचं चित्र लेन्सच्या दिशेला येईल अशी प्लेट ठेवा. ओठ कॅमेऱ्याच्या कडेला नीट टेकलाय ना, ते बोटाने चाचपा.

३) स्क्रू आधी उलटा फिरवा. हळू फिरवला की एका जागी बारीकसा ‘टक्’ जाणवतो. तिथे आट्यांची तोंडं जुळतात. तिथून सुलटा फिरवा. हे दोन सेकंदांचं काम आटे वाकडे जाण्यापासून वाचवतं.

४) हातानेच फिरवत राहा आणि फेरे मोजा. किमान तीन पूर्ण फेरे सहज गेले पाहिजेत, म्हणजे जवळपास ४ मिमी आटे धरले गेले. त्याआधीच अडला तर काढा, पुन्हा सुरू करा. तीन-चार फेरे जाऊनही प्लेट हलत असेल आणि स्क्रू पुढे जात नसेल, तर स्क्रू लांब आहे.

५) शेवटचं आवळणं अॅलन कीने, म्हणजे षटकोनी किल्लीने. बहुतेक प्लेटना ४ किंवा ५ मिमीची लागते. किल्लीची लांब बाजू स्क्रूत घाला आणि आखूड बाजूने फिरवा. असं केलं की हातात तरफ उरत नाही आणि प्रमाणाबाहेर जोर लागतच नाही. हाताने घट्ट झाल्यावर साधारण पाव फेरा पुरे. नाण्याने पिळायचा स्क्रू असेल तर तो बदलून अॅलनचा बसवा. नाणं निसटून प्लेट खरवडते आणि पुरेसं आवळतही नाही.

६) पंधरावीस मिनिटं तशीच ठेवून पुन्हा एकदा किल्ली लावून बघा. रबर किंवा कॉर्कची गादी असेल तर ती दबलेली असते आणि स्क्रू थोडा आणखी फिरतो. धातूवर धातू असेल तर फिरत नाही.

७) आता स्क्रूच्या डोक्यापासून प्लेटपर्यंत नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. ही रेघ मोडलेली दिसली की स्क्रू फिरला. चालत्या कामात किल्ली काढून तपासणं होत नाही, रेघ मात्र बॅटरी बदलतानाही नजरेस पडते.

सावधान: आटे धरून ठेवणारं थ्रेडलॉकर कॅमेऱ्याच्या भोकात कधीही घालू नका. एल प्लेटचा उभा हात तळाच्या प्लेटला ज्या बारीक स्क्रूंनी जोडलेला असतो, तिथे मात्र मध्यम ताकदीच्या निळ्या थ्रेडलॉकरचा एक थेंब जरूर घाला. ते स्क्रू गाडीच्या हादऱ्यांनी सैल होतात. शिवाय तिथे स्टेनलेस आणि अॅल्युमिनियम एकमेकांना लागून असतात. मिठाचं पाणी त्यांच्यात शिरलं की अॅल्युमिनियम झिजतं, पांढरी भुकटी धरते आणि स्क्रू जाम होतो. थ्रेडलॉकर ती फट बुजवतं.

तपासणी: एका हाताने प्लेट पकडा, दुसऱ्याने कॅमेरा, आणि झाकण उघडतो तसं दोन्ही दिशांना पिळून बघा. काहीही हलता कामा नये.

## ४. टोकाचे अडथळे काढू नका

चांगल्या आर्का प्लेटच्या खालच्या बाजूला दोन्ही टोकांशी बारीक स्क्रू किंवा खुंट्या असतात. क्लॅम्प सैल झाला तरी प्लेट सरकत बाहेर पडू नये म्हणून त्या असतात. प्लेट बाजूने सरकवून घालताना त्या आड येतात, म्हणून बरेच जण पहिल्याच दिवशी काढून टाकतात. त्याऐवजी क्लॅम्प पुरता उघडा आणि प्लेट वरून ठेवा, बाजूने सरकवू नका. खुंट्या तुमच्या क्लॅम्पच्या आतल्या खोबणीत मोकळ्या बसतात ना, एवढं मात्र पाहून घ्या. काही जुन्या क्लॅम्पना ती खोबणी नसते. मग प्लेट खुंट्यांवर तरंगते आणि कडा धरल्याच जात नाहीत.

## ५. किनाऱ्यावर पोचल्यावर: आधी पाय, शेवटी कॅमेरा

भरतीची वेळ आदल्या दिवशीच बघून ठेवा. रोज ती साधारण पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी फार आत येतं, भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या) दिवसांत कमी. उत्तरेकडे अलिबाग-मुरूडच्या बाजूला भरती-ओहोटीतला फरक मोठा, वेंगुर्ल्याकडे कमी. जागा निवडताना हे सगळं मोजावं लागतं, कारण लाट परतताना ट्रायपॉडच्या पायाखालची वाळू घेऊन जाते आणि पाय सावकाश खचतो.

पाय लावताना तळचा, सगळ्यात बारीक भाग आधी पूर्ण बाहेर काढा. उंची वरच्या भागांनी जुळवा. ऐकायला हे उलटं वाटतं, कारण नेहमी उलटंच सांगितलं जातं. पण असं केल्याने पायाचे लॉक पाण्या-वाळूपासून वर राहतात. मग पाय ओल्या वाळूत दाबा, थोडे हलवून परत दाबा, आणि बॉलहेड (ट्रायपॉडच्या माथ्यावरचं, गोळ्यावर फिरणारं डोकं) समतल करा. तोवर कॅमेरा पिशवीतच.

दुपारी खारे वारे सुटले की ट्रायपॉडच्या मधल्या हुकाला वजन लटकवण्याची पद्धत आहे. लटकवा, पण पिशवी जमिनीला टेकलेली हवी. अधांतरी पिशवी झोके घेते आणि ट्रायपॉडला सोबत हलवते.

सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, जंजिऱ्यासारख्या संरक्षित किल्ल्यांत ट्रायपॉड उघडण्याआधी परवानगीचं विचारून घ्या. नाहीतर वरची सगळी तयारी होडीतून परत न्यावी लागेल.

## ६. प्लेट क्लॅम्पमध्ये: प्रत्येक वेळी हाच क्रम

१) क्लॅम्पच्या दोन्ही खाचांवरून मऊ ब्रश फिरवा. ओलं बोट नाही, रुमाल नाही. दात घासायचा जुना ब्रश चालतो.

२) प्लेटचा तळ आणि कडा बघा. वाळूचा एक कण कडेखाली राहिला की प्लेट तिरकी बसते आणि सगळी पकड त्या कणावर येते. कण क्वार्ट्झचा असतो, अॅल्युमिनियमपेक्षा कितीतरी कठीण. तो चिरडतो किंवा रुतून बसतो, आणि पकड सुटते. राजापूर-देवगडच्या सड्यांवर (कातळी पठारांवर) वाळूऐवजी जांभ्याची तांबडी धूळ असते. ती कोरडी असेपर्यंत ब्रशने निघते, ओली झाली की खाचेत चिखल होऊन बसते.

३) कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात असू द्या. कॅमेरा दोन्ही हातांनी वरून ठेवा. प्लेटवरची मधली खूण क्लॅम्पच्या खुणेशी जुळवा.

४) नॉब बोटांनी आवळत आणा. घट्ट होत आला की कॅमेरा लांबीच्या दिशेने किंचित मागेपुढे हलवा, म्हणजे कडा खाचेत पूर्ण बसतात. मग शेवटचं आवळा.

५) बॉल लॉक आहे याची खात्री करून कॅमेऱ्याची बॉडी धरा, वर उचला, मग पिळा. लेन्स धरून ओढू नका. आवाज नको, हालचाल नको.

६) आता पट्टा गळ्यातून काढा आणि वाऱ्यात फडफडणार नाही असा ट्रायपॉडला गुंडाळा.

पाचवी पायरी झाल्याशिवाय सहावी नाही. ‘आवाज आला म्हणजे बसला’ हे लिव्हरवाल्या क्लॅम्पच्या बाबतीत खोटं ठरतं, कारण प्लेटची एकच कड आत असली तरी लिव्हर बंद होऊ शकतो.

अंधारात आणखी एक फसवणूक होते. बॉलहेडला तीन नॉब असतात: बॉलचा, फिरवण्याचा आणि क्लॅम्पचा. दशावताराचा खेळ रात्रभर टिपणाऱ्यांना किंवा पहाटे काळोखात उभं राहणाऱ्यांना भलताच नॉब हाती लागतो. क्लॅम्पच्या नॉबला जाड रबरबँड गुंडाळून ठेवा. बोटांना कळलं पाहिजे, डोळ्यांना नाही. आणि कोणताही नॉब सोडताना दुसरा हात कॅमेऱ्यावर.

## ७. उभी चौकट, लांब लेन्स, पॅनोरमा

उभी चौकट. एल प्लेट असेल तर कॅमेरा काढून बाजूच्या हाताने परत क्लॅम्पमध्ये लावा. वजन ट्रायपॉडच्या मध्यावरच राहतं. एल नसेल आणि बॉलहेडच्या बाजूच्या खाचेत कॅमेरा आडवा पाडूनच काम करायचं असेल, तर कॅमेऱ्यामागे उभं राहून तो उजवीकडे पाडा, डावीकडे नाही. डावीकडे पाडला की पुढे ओढणारं लेन्सचं वजन कॅमेऱ्याला स्क्रू सैल होण्याच्या दिशेने फिरवतं. उजवीकडे पाडला की तेच वजन स्क्रू आवळतं. साध्या प्लेटवर इतका फरक पडतो आणि तो फुकट मिळतो.

लांब लेन्स. हिवाळ्यात हर्णै-आंजर्ल्याकडे कुरव पक्ष्यांचे थवे टिपायला मोठी लेन्स घेऊन जाता, तेव्हा ट्रायपॉडला बॉडी नाही, लेन्सचा पाय जोडायचा. या प्लेटची दिशा कॅमेऱ्याच्या प्लेटच्या काटकोनात असते, म्हणजे पुढून मागे. त्यासाठी क्लॅम्प ९० अंशांत वळवावा लागतो. पायाला दोन भोकं असतील तर दोन्ही स्क्रू लावा. एकाच स्क्रूवर लांब पट्टी हमखास फिरते. मग क्लॅम्प थोडा सैल ठेवून लेन्स हातात धरून पुढेमागे सरकवा आणि बॉल सोडल्यावरही नाक किंवा शेपटी खाली जात नाही तो बिंदू शोधा. तिथे पट्टीवर खूण करा. बॉडी बदलली की तो बिंदू बदलतो.

पॅनोरमा. सरकती पट्टी आडवी नाही, लेन्सच्या दिशेने बसवायची. आधी ट्रायपॉड समतल, मग फिरणारा भाग समतल, त्यावर पट्टी, तिच्या क्लॅम्पमध्ये एल प्लेटने उभा कॅमेरा. आता जवळचा एक माड आणि लांबची एखादी डोलकाठी एका रेषेत घ्या. कॅमेरा डावी-उजवीकडे फिरवा. डोलकाठी माडामागून सरकताना दिसली तर पट्टी मागेपुढे करा, दोघं एकमेकांना चिकटून राहीपर्यंत. झूम बदलला की हा बिंदू बदलतो, म्हणून प्रत्येक फोकल लेंग्थचा आकडा पट्टीवर लिहून ठेवा.

सरळ खाली. रत्नागिरी जिल्ह्यातली कातळशिल्पं वरून टिपायची तर कॅमेरा जमिनीकडे तोंड करून लटकतो. हीच स्थिती टोकाच्या खुंट्यांची परीक्षा घेते. क्लॅम्पच्या पकडीची खात्री केल्याशिवाय खाली कॅमेरा झुकवू नका, आणि ट्रायपॉडचे पाय, विशेषतः टोकदार खिळ्यांचे, कोरलेल्या रेषांपासून लांब ठेवा. तिथे रबरी पायच लावा.

## ८. जागा बदलताना

चार पावलं जायचं असेल तरी कॅमेऱ्यासकट ट्रायपॉड खांद्यावर टाकून शेवाळलेल्या खडकावर चालायचं नाही. वाळूवर चालायचं तर एक हात कॅमेऱ्यावर. होडीत चढताना कॅमेरा सुटा करून पिशवीत. घाटरस्त्यावरून किंवा स्कूटरवरून आल्यावर पहिल्यांदा नेलपॉलिशची रेघ बघायची, मग बाकीचं.

तपासणी: ट्रायपॉडवर लावल्यावर लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं चालू चित्र) पूर्ण मोठा करा आणि ट्रायपॉडच्या पायावर बोटाने हलकी टिचकी मारा. चित्र थरथरून लगेच थांबलं तर ठीक. थरथर रेंगाळली तर एकेक सांधा हाताने धरून पुन्हा टिचकी मारा. ज्या सांध्याला हात लावल्यावर थरथर लगेच थांबते, तो सैल. बहुतेक वेळा तो बॉलहेडच्या तळाचा तीन सुती स्क्रू निघतो, ज्याच्याकडे कुणी बघतच नाही.

## ९. परतल्यावर: धुणं हेसुद्धा बसवण्याचाच भाग

नुसतं पुसल्याने मीठ जात नाही. मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून घेतं आणि स्वतः विरघळतं. कोकणात पावसाळ्यात हवा त्याहून दमट असते. म्हणजे खाचेत राहिलेलं मीठ घरातल्या कपाटातही ओलंच राहतं आणि धातू खात बसतं. ते विरघळवून काढावं लागतं.

१) कॅमेरा काढा. ट्रायपॉड आवरण्याआधी, पाय लांब असतानाच, गोड्या पाण्याने धुवा. वाळू लागलेले पाय आत सरकवले की ती लॉकमध्ये जाते.

२) विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते नको. प्यायचं पाणी वापरा, तांब्याभर पुरतं.

३) क्लॅम्प पूर्ण उघडा. पाण्यात बुडवलेल्या ब्रशने दोन्ही खाचा आणि नॉबचा दिसणारा स्क्रू घासा. बॉलहेडवर पाण्याची धार सोडू नका आणि तो बुडवू नका. आतलं वंगण धुऊन निघतं आणि पाणी आतच राहतं.

४) प्लेट कॅमेऱ्यावर असतानाच ओलसर, घट्ट पिळलेल्या कापडाने तिचा तळ आणि कडा दोन-तीनदा पुसा. दर वेळी कापडाची स्वच्छ बाजू.

५) सावलीत, पंख्याखाली, क्लॅम्प उघडा ठेवूनच वाळवा.

६) क्लॅम्पच्या नॉबच्या आट्यांवर पाण्यात न विरघळणारं ग्रीस, काडीच्या टोकाला येईल एवढंच. खाचांवर आणि प्लेटच्या कडांवर ग्रीसचा अंशही नको. तिथे घर्षणच कॅमेरा धरतं.

सावधान: गंज काढायचे स्प्रे बॉलहेडवर मारू नका. ते आत झिरपून बॉलचं वंगण पातळ करतात आणि मग घट्ट केलेला बॉलही हळूहळू घसरतो.

पहिला सांधा सहसा उघडायचा नाही असं वर म्हटलं. त्याला दोन अपवाद. एक, लाटेचं पाणी कॅमेऱ्याच्या तळापर्यंत उडालं असेल तर त्याच रात्री. दोन, मृग लागण्याआधी एकदा आणि पाऊस ओसरल्यावर एकदा. प्लेट काढा, दोन्ही पृष्ठभाग ओलसर कापडाने पुसा, पूर्ण वाळवा, स्क्रू गंजलाय का बघा, आणि तिसऱ्या टप्प्यातल्या क्रमानेच परत बसवा. जुनी नेलपॉलिश खरवडून नवी रेघ. पावसाळ्यात कॅमेरा महिनाभर वापरायचाच नसेल तर प्लेट काढून वेगळी, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा.

## १०. स्क्रू जाम झाला तर

जोर करायचा नाही. अॅलनचं षटकोनी भोक एकदा गोल झालं की घरगुती उपाय संपतात.

आधी भोकातली घाण टाचणीने काढा. तिथे वाळू भरली असेल तर किल्ली पूर्ण आत जात नाही आणि भोक गोल होतं ते त्यामुळेच. मग स्क्रूच्या डोक्याभोवती गोड्या पाण्याचे दोन-तीन थेंब कापसाने लावा, कॅमेरा स्क्रूचं डोकं वर येईल असा उलटा न ठेवता आडवा धरून, म्हणजे पाणी आत उतरणार नाही. थोड्या वेळाने पुसा. बहुतेक वेळा अडलेलं असतं ते मीठच, आणि ते सुटतं. नवी, कडा न झिजलेली किल्ली घ्या, लांब बाजू आत, आणि आधी आवळण्याच्या दिशेने किंचित हलवून मग सोडण्याच्या दिशेने. असं आलटूनपालटून करा.

तरीही नाही सुटला तर तसाच ठेवा आणि कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडे न्या. ड्रिल लावणाऱ्या फॅब्रिकेशनच्या दुकानात नको. आटे गेले असतील तर भोक मोठं करून आत नवे आटे बसवता येतात, पण त्यासाठी कॅमेऱ्याचा तळ उघडणारा माणूस लागतो. तोवर काम अडलं असेल आणि लेन्सला स्वतःचा पाय असेल, तर लेन्सच्या पायावरून ट्रायपॉड वापरता येतो.

पिशवीत कायम ठेवायचं ते एवढंच: ४ आणि ५ मिमीच्या किल्ल्या, पाव इंची मापाचे आखूड स्टेनलेस स्क्रू, एक बुश, जुना टूथब्रश, कोरडं कापड आणि दोन-तीन रबरबँड. किल्ल्या दोरीने पिशवीलाच बांधा. वाळूत पडलेली अॅलन की सापडत नाही.